इंजिनियर झालात, आता टक्केवारी पक्की करा

दोन मीटर व्यासाची, तीन मीटर उंचीची दंडगोल टाकी. आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाला मी विचारलं, यात पाणी किती मावेल? त्यानं सूत्र बिनचूक लिहिलं, कॅल्क्युलेटरवर बोटं झरझर फिरली आणि उत्तर आलं: ९४२ लिटर. उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या.

टाकी आमच्या समोरच उभी होती. मी म्हटलं, "अरे, तुझं वजन किती?"

"सत्तर किलो, मॅडम."

"माणसाची घनता जवळपास पाण्याइतकीच असते. म्हणजे तू साधारण सत्तर लिटरचा. आता ९४२ ला सत्तरनं भाग."

तेरा-साडेतेरा आलं. "मग या टाकीत तुझ्यासारखे तेराच जण मावतील?" तो टाकीकडे बघत राहिला. तळाचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटरहून अधिक. तेरा जण दाटीवाटीनं नुसते तळावर उभे राहतील आणि त्यांच्या डोक्यावर आणखी मीटरभर टाकी रिकामी उरेल. "काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. चूक एवढीच होती की ९.४२ घनमीटरचे लिटर करताना त्यानं हजारऐवजी शंभरनं गुणलं होतं. मीटरचे सेंटीमीटर शंभर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. घनमीटर म्हणजे काय, हे मात्र कधी डोळ्यांसमोर आणलेलं नाही.

हाच मुलगा लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडवतो, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढतो. मी गेली २६ वर्षं पंप आणि पाइपलाइनच्या डिझाइनचं काम करते आणि दरवर्षी नव्या इंजिनियरांना कामाला लावणं माझ्याकडे असतं. त्यातली बहुतेक मुलं-मुली हुशार असतात. अडतं ते शाळेतल्या गणितावर: अपूर्णांक, गुणोत्तर, टक्के, एककं, दहाचे घात. हे सांगायला त्यांना लाज वाटते, म्हणून ते दडवतात, आणि दडवल्यामुळे ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हे दुरुस्त होतं. मी होताना पाहिलं आहे, आणि त्याला आठ-दहा आठवडे पुरतात.

असं का होतं, तेही थोडक्यात सांगते, कारण कारण कळलं की स्वतःला दोष देणं थांबतं. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. उत्तराखाली रेघ मारली की विषय संपतो, "हे उत्तर पटण्यासारखं आहे का?" असं कुणी विचारत नाही. दुसरं कारण यंत्राचं. पूर्वीचे इंजिनियर स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करायची सरकती पट्टी, वापरायचे. स्लाइड रूल फक्त अंक दाखवायचा, दशांश चिन्ह दाखवायचा नाही. पट्टीवर १३० दिसलं तर ते १.३ आहे, १३० आहे की १३,०००, हे माणसानंच ठरवायचं. त्यामुळे प्रत्येक गणिताबरोबर मनात ढोबळ हिशेब चालूच असायचा. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूल कपाटात गेला. दशांश चिन्हाची जबाबदारी यंत्रानं उचलली आणि त्यासोबतचा मनातला हिशेबही थांबला. मी कॅल्क्युलेटरच्या विरोधात नाही, माझ्या टेबलावर दोन आहेत. तो मनातला हिशेब मात्र परत आणायला हवा.

आधी निदान

कागद-पेन्सिल घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पंधरा मिनिटं लावा. पाऊण भागिले एक अष्टमांश किती? ०.३ गुणिले ०.२? दाब आधी २० टक्के वाढला, मग २० टक्के घटला, तर मूळ दाबाच्या तुलनेत आता कुठे आहे? एका चौरस मीटरमध्ये चौरस मिलिमीटर किती? ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? सहा पंप एक टाकी चार तासांत भरतात, तर आठ पंप किती वेळात भरतील? २ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले तर एकूण रोध किती? ०.०९ चं वर्गमूळ? आणि शेवटचं: अ = ब ÷ (क + ड), यातून क वेगळा काढा.

उत्तरं: ६, ०.०६; ४ टक्के खाली; दहा लाख; २० मीटर; ३ तास; १.२ ओहम, ०.३; क = (ब ÷ अ) − ड.

किती चुकली ते मोजू नका. कशी चुकली ते बघा. मी चुकांचे तीन प्रकार करते. सात आठे चोपन्न झालं, हातचा राहिला, ही मोजणीची चूक. दाब "जिथल्या तिथे आला" असं वाटलं, ही अर्थाची चूक. इथे मोजणी बरोबर असते पण क्रियाच चुकीची निवडलेली असते. आणि ०.३ गुणिले ०.२ बरोबर ०.६, किंवा चौरस मीटरमध्ये हजार चौरस मिलिमीटर, ही शून्यांची चूक. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मोजणीला सराव लागतो, अर्थाला चित्र काढावं लागतं, शून्यांसाठी एककं आणि दहाचे घात बसवावे लागतात. सगळ्यांवर एकच औषध म्हणून "गणितं सोडव" असं सांगणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

एक छोटी वही करा, चुकांची वही. रोजच्या कामात किंवा सरावात जी चूक सापडेल ती एका ओळीत लिहायची: मी काय लिहिलं, काय हवं होतं, कुठल्या प्रकारची चूक. बस. टाकीवाल्या मुलानं पहिल्या पंधरवड्यात तेवीस चुका लिहिल्या. त्यातल्या चौदा शून्यांच्या निघाल्या. तोपर्यंत त्याला वाटत होतं की आपलं "सगळंच गणित कच्चं" आहे. सगळं कच्चं नव्हतं, एक कोपरा कच्चा होता. हे कागदावर दिसल्यावर त्याचा चेहरा उजळला ते मला अजून आठवतं.

कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी

या लेखातली एकच सवय लावून घेणार असाल तर ही घ्या. कुठलंही गणित यंत्रात घालण्याआधी उत्तराचा अंदाज कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहा. मनात धरलेला अंदाज उपयोगाचा नाही, कारण खरं उत्तर दिसलं की मन लगेच "मला हेच वाटलं होतं" म्हणतं. लिहायचाच.

रीत सोपी आहे. प्रत्येक संख्या एका अंकावर आणा. समजा ०.०१८७ × ४,३२० ÷ ०.६२ करायचं आहे. ०.०१८७ म्हणजे ०.०२. ४,३२० म्हणजे ४,०००. यांचा गुणाकार ८०. त्याला ०.६ नं भागायचं, म्हणजे ८०० ला ६ नं, साधारण १३०. आता कॅल्क्युलेटरवर करा: १३०.३. इतकं जवळ दर वेळी येणार नाही, यायची गरजही नाही. अंदाज दीडपटीच्या आत असला तरी पुरे. यंत्रात एक शून्य जास्त पडलं तर १,३०३ येईल आणि कडेचा पेन्सिलीतला १३० लगेच टोकेल.

एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं हे फार वरच्या पातळीवर नेलं होतं. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या चाचणीच्या वेळी तो कित्येक किलोमीटर लांब उभा होता. धक्क्याची लाट पोचली तेव्हा त्यानं हातातले कागदाचे कपटे खाली सोडले, ते किती लांब जाऊन पडले ते पाहिलं आणि स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटीइतकी असावी असं सांगितलं. नंतर मोजलेला आकडा साधारण दुपटीच्या घरात निघाला. कपट्यांवरून काढलेल्या उत्तरात शून्यांची संख्या बरोबर होती, आणि अंदाजाकडून तेवढंच हवं असतं.

अंदाज करायला काही आकडे मुखोद्गत लागतात. पाढे वीसपर्यंत, वर्ग पंचविसापर्यंत, एक द्वितीयांशापासून एक द्वादशांशापर्यंत सगळ्यांचे दशांश. दोनचं वर्गमूळ १.४१४, तीनचं १.७३२. दोनाचा दहावा घात १,०२४. लॉग दोन ०.३०१, हे एक ठाऊक असलं की ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. आणि वस्तूंचे आकडे: एक लिटर पाणी एक किलो, एक घनमीटर पाणी एक टन, पोलाद घनमीटरला ७,८५० किलो, ॲल्युमिनियम २,७००, खोलीतली हवा १.२. दहा मीटर पाण्याचा स्तंभ साधारण एक बार. एक किलोवॉट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल. पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे, पण तुलना करायला मनात काही खुंट्या ठोकलेल्या असाव्याच लागतात.

एककासकट लिहा

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाक्यांत पट्टी घालून इंधन मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. किती भरायचं हे काढण्यासाठी लिटरचे किलो करणं आलं. हाताशी असलेला गुणक होता १.७७. त्यांनी गुणाकार केला: ७,६८२ × १.७७ = १३,५९७. म्हणजे टाकीत १३,५९७ किलो आहे, असं धरलं. बाकी ८,७०३. त्याला १.७७ नं भागून सुमारे ४,९१७ लिटर भरले. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर.

फक्त १.७७ हा गुणक लिटरला पौंडांचा होता. किलोचा गुणक ०.८०३. खरा हिशेब असा: ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो; बाकी १६,१३१ किलो; म्हणजे सुमारे २०,०८८ लिटर भरायला हवे होते. विमान हवेत असतानाच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगवत गिमली इथल्या वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले.

हा हिशेब मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर करायला लावते आणि मग विचारते: एकक न तपासता, नुसता १.७७ बघून चूक पकडता आली असती का? थोडा वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, "इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं." तेच. एक लिटर पाणी एक किलो, मग एक लिटर इंधन पावणेदोन किलो कसं असेल? मघाशी म्हटलेली खुंटी हीच.

म्हणून नियम: प्रत्येक संख्येला एकक लावूनच ती कागदावर उतरवा, आणि अंश-छेदातली एककं आकड्यांसारखीच काटा. शेवटी जे एकक उरलं ते हवं तेच आहे का, ते बघा. किलो हवेत आणि किलो भागिले लिटर उरलं तर आकडा कितीही सुबक दिसो, उत्तर चुकलेलं आहे. क्षेत्रफळ-घनफळाचं रूपांतर करताना गुणकाचाही वर्ग किंवा घन करा: मीटरचे मिलिमीटर १०³, चौरस मीटरचे १०⁶, घनमीटरचे १०⁹. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सरावासाठी एक उत्तम गणित सांगते. गोल सळईचं दर मीटर वजन काढायला "व्यासाचा वर्ग भागिले १६२" हे सूत्र स्थापत्याच्या सगळ्या मुलांना येतं: व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. १२ मिलिमीटरची सळई, १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. पण १६२ आला कुठून, असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. स्वतः काढून बघा. छेदाचं क्षेत्रफळ पाय भागिले ४ गुणिले व्यासाचा वर्ग, चौरस मिलिमीटरमध्ये. त्याचे चौरस मीटर करायला दहा लाखांनी भागा. एक मीटर लांबीनं आणि ७,८५० नं गुणा. ०.७८५४ गुणिले ७,८५० म्हणजे ६,१६५. भागिले दहा लाख, ०.००६१६५. याचा व्यस्त घ्या: १६२.२. चार ओळींचं काम आहे, पण त्यात एकक, घात, अपूर्णांक, व्यस्त, सगळं येतं. असं एक सूत्र दर आठवड्याला उलगडलंत तर वर्षभरात हातातली पन्नास सूत्रं तुमची स्वतःची होतील.

टक्के

टक्केवारीतल्या जवळजवळ सगळ्या चुका एकाच ठिकाणी उगवतात: कशाचे टक्के, हे विसरलं जातं. उपाय म्हणजे टक्के मिळवणं-वजा करणं सोडून गुणायला लागा. २० टक्के वाढ म्हणजे गुणिले १.२. २० टक्के घट म्हणजे गुणिले ०.८. दोन्ही लागोपाठ झाल्या तर १.२ × ०.८ = ०.९६. निदानातलं दाबाचं गणित इथेच सुटतं.

माझ्या कामात रोज येणारं उदाहरण घ्या. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के, मोटरची ९०. दोन्ही मिळून ०.७ × ०.९ = ०.६३, म्हणजे ६३ टक्के. "तीस गेले, दहा गेले, उरले साठ" असं नाही, कारण मोटरमधून जे बाहेर आलं त्यातलेच तीस टक्के पंपात वाया जातात. आता उलटं: पाण्याला ६.३ किलोवॉट द्यायचे आहेत, तर मोटरला विजेचे किती लागतील? नवी मुलं म्हणतात, ३७ टक्के वाया जातात ना, मग ६.३ मध्ये ३७ टक्के मिळवा. ८.६ येतात. खरं उत्तर ६.३ ÷ ०.६३ = १०. वाया जाणारे ३७ टक्के हे १० चे आहेत, ६.३ चे नाहीत. या एका चुकीनं मोटर लहान निवडली जाते. पडताळा नेहमी पुढच्या दिशेनं घ्या: ८.६ चे ६३ टक्के किती? साडेपाचाच्या आसपास. मग ६.३ कसे मिळतील?

आणखी एक. कार्यक्षमता ६० वरून ६६ टक्क्यांवर गेली तर ती सहा टक्के-बिंदूंनी वाढली आणि दहा टक्क्यांनीही वाढली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. अहवालात कुठलं म्हणताय ते स्पष्ट लिहा.

दुप्पट म्हणजे किती पट

नोकरीच्या पहिल्या वर्षी १०० मिलिमीटरच्या एका पाइपऐवजी ५० चे दोन पाइप मी आराखड्यात दाखवले होते. १०० चा पाइप वळवायला जागा नव्हती आणि पन्नास नि पन्नास शंभर, हे मला इतकं उघड वाटलं की तपासावंसंही वाटलं नाही. माझ्या वरिष्ठांनी आराखडा पाहिला, काही बोलले नाहीत. कंपास काढला, कागदावर दहा सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं आणि त्याच्या आत पाच-पाच सेंटीमीटरची दोन वर्तुळं शेजारी शेजारी बसवली. वर आणि खाली केवढी जागा रिकामी राहिली! दोन लहान वर्तुळं मिळून मोठ्याच्या निम्मीच भरतात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाबरोबर जातं, म्हणून ५० चे चार पाइप लागले असते. आणि क्षेत्रफळ निम्मं म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट. घर्षणानं वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे चौपट आणि व्यास निम्मा झाल्यानं त्याची दुप्पट, म्हणजे ढोबळमानानं आठपट. तो पंप पाणी पोचवूच शकला नसता. ते चित्र मी आजही जपून ठेवलं आहे.

म्हणून कुठलंही सूत्र दिसलं की त्यात आकडे घालण्याआधी त्याला प्रश्न विचारा: ही राशी दुप्पट केली तर उत्तर किती पट होईल? आयताकृती तुळईची उंची दुप्पट केली तर तिचा जडत्व-आघूर्ण (वाकण्याला छेदाचा होणारा विरोध) आठपट, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. रोध तोच ठेवून प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. समप्रमाण, व्यस्त प्रमाण, वर्ग, घन: शाळेतलं त्रैराशिक हे याचंच पहिलं पाऊल होतं. पंप वाढले की वेळ घटतो, म्हणून सहा चोक चोवीस, भागिले आठ. "वाढणार की घटणार?" हा प्रश्न आधी विचारला तर त्रैराशिक उलटं मांडलं जात नाही.

अपूर्णांक आणि बाजू बदलणं

यावर मी फार लिहीत नाही, कारण इथे सराव हाच मार्ग आहे. दोनच गोष्टी. अपूर्णांकानं भागणं म्हणजे "किती वेळा मावतं" हे विचारणं: पाऊण मीटरमध्ये एक अष्टमांश मीटरचे तुकडे किती? सहा. चित्र काढलंत तर "उलटा करून गुणा" हा नियम आपोआप पटतो. समांतर रोधाचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमीच यायला हवं. २ आणि ३ ओहमचं उत्तर ५ किंवा २.५ आलं की हिशेब न करताही कळायला हवं की घोळ आहे.

समीकरणात "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य विसरून जा. त्यामुळेच कंसातला क बाहेर काढताना गोंधळ होतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना एकच क्रिया करा आणि ती समासात लिहा: दोन्हीकडे (क + ड) नं गुणलं, दोन्हीकडे अ नं भागलं, दोन्हीकडून ड वजा केला. मग सोपे आकडे घालून पडताळा घ्या. ब १२, क १, ड ३, तर अ ३ आला. आता उलट बाजूनं: १२ भागिले ३ उणे ३ बरोबर १. जुळलं.

यंत्राशी बोलताना

कॅल्क्युलेटर हातात घेतला की आधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर तो अंशांत आहे. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये आहे. एक्सेल कोन नेहमी रेडियनमध्येच घेतं. एक्सेलमध्ये =-३^२ लिहिलंत तर ९ मिळतात; तेच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत -३**२ लिहिलंत (तिथे ** म्हणजे घात) तर उणे ९. शंका आली की कंस घाला. आणि कॅल्क्युलेटरनं दहा अंक दाखवले म्हणून दहाही लिहू नका. टेपनं मोजलेल्या लांबीवरून काढलेल्या उत्तराला तीन अंक पुरेसे आहेत.

रोज पंचवीस मिनिटं

पहिले दोन आठवडे फक्त मोजणी आणि अंदाज. दहा गणितं, आधी अंदाज, मग हातानं, मग यंत्रावर. पुढचे तीन आठवडे एककं आणि घात. इथे वेळ जातो, जाऊ द्या. मग टक्के, प्रमाण, अपूर्णांक. पाचवी ते आठवीची शाळेची पुस्तकं मिळवा आणि अजिबात संकोच न करता सोडवा. त्यातली शाब्दिक उदाहरणं पदवीच्या पुस्तकांत सापडत नाहीत, आणि तुम्हाला लागतात ती तीच. रविवारी नवं काही करू नका, फक्त चुकांची वही वाचा आणि जुन्या चुकांसारखी पाच गणितं स्वतः तयार करून सोडवा. शक्य असेल तर कुणा लहान मुलाला दशांश अपूर्णांक शिकवा. मूल "का?" विचारतं, आणि तिथेच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

कामावर असाल तर बैठकीत कुणी आकडा सांगितला की मनात त्याचा ढोबळ पडताळा घ्या. पहिल्या महिन्यात दमायला होतं. नंतर ते आपोआप होतं, रस्त्यावरची पाटी वाचल्यासारखं.

आणि माझ्यासारखे जे शिकवतात, तपासतात, त्यांना कळकळीची विनंती: "एवढंही येत नाही?" हे वाक्य उच्चारू नका. ते ऐकलेला माणूस पुढची शंका कधीच विचारत नाही, आणि न विचारलेली शंका आराखड्यात जाऊन बसते. त्याऐवजी, उत्तर बघण्याआधी विचारा, "किती येईल असं वाटतं?"

टाकीवाला मुलगा तिसऱ्या महिन्यात माझ्या टेबलाशी आला. त्याला ॲल्युमिनियमच्या सळयांचं वजन काढायचं होतं. हातात कागद होता, कॅल्क्युलेटर नव्हता. म्हणाला, "मॅडम, ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश जड. म्हणजे १६२ च्या जागी त्याची तिप्पट, ४८० च्या आसपास यायला हवं." कागदाच्या कडेला पेन्सिलनं ४८० लिहिलेलंच होतं. मग तो जागेवर गेला, यंत्रावर केलं आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "४७२!"